३२ अंशांचा माणूस

बेंगळुरूतल्या मराठी माणसांचे ढोबळ दोन वर्ग पडतात. एक आयटीतला, तो भेटला की ट्रॅफिकवर बोलतो. दुसरा टाटा इन्स्टिट्यूटमधला, त्याला ट्रॅफिक असतो हेच ठाऊक नसतं. या दुसऱ्या वर्गात 'जेलवाला' हा एक खास पोटभेद आहे. १९०९ सालच्या त्या संस्थेच्या गर्द झाडीत तो आढळतो. त्याच्या सायकलला ब्रेक नसतो आणि त्याची पीएचडी गेली काही वर्षं 'संपतच आलेली' असते.

"काय करतोस रे?" हा प्रश्न त्याला घड्याळ बघूनच विचारावा. गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात एका काकूंनी तो आरतीच्या आधी विचारला.

"काकू, एन-आयसोप्रोपिल ॲक्रिलअमाइडच्या पॉलिमरचं जेल. ३२ अंशांच्या खाली पाणी पिऊन फुगतं. वर गेलं की पाणी टाकून आक्रसतं. आणि शरीर असतं ३७ अंश!"

"म्हणजे साबुदाणाच की."

यावर दुसरा कोणीही हसला असता. जेलवाला विचारात पडला. "उलटा साबुदाणा," तो गंभीरपणे म्हणाला. "साबुदाणा तापला की फुगतो, हे तापलं की मिटतं. त्यात औषध भरलं तर हव्या त्या जागी, हव्या त्या वेळी बाहेर काढता येईल." औषध बाजारात कधी येणार, हे काकूंनी विचारताच तो 'मूलभूत संशोधन' असं काहीतरी पुटपुटत प्रसादाच्या रांगेकडे सरकला.

जेलवाल्यांच्या घराण्याचा त्याला फार अभिमान. प्रागच्या विख्तर्ले यांनी १९६१च्या नाताळात मुलाच्या खेळण्यातले भाग जुळवून घरीच हायड्रोजेलच्या कॉन्टॅक्ट लेन्स केल्या, ही कथा तो स्वयंपाकघरात प्रयोग नको म्हणणाऱ्या प्रत्येक रूममेटला ऐकवतो. जेल एका झटक्यात आक्रसतं हे १९७८ साली दाखवणाऱ्या तानाकांचं नाव घेताना तो कानाची पाळी धरतो. पुण्याच्या एनसीएलमध्ये माशेलकरांनी जेलवर काम केलं, हे सांगताना तर त्याची कॉलर आपोआप ताठ होते.

त्याचं दुसरं वेड म्हणजे केसाएवढ्या नळ्या कोरलेल्या चिप. अमेरिकेत बीबी आणि सहकाऱ्यांनी २०००मध्ये अशा नळीत जेलचे खुंट बसवले. द्रवाची आम्लता बदलली की खुंट फुगून वाट बंद, पुन्हा बदलली की वाट मोकळी. "वायर नाही, बॅटरी नाही, माणूस नाही!" हे सांगताना त्याचे डोळे पाणावतात. त्याच्या खोलीतला नळ मात्र रात्रंदिवस बादलीत ठिबकत असतो, कारण वॉशर बदलायला प्लंबर लागतो आणि प्लंबरला फोन करावा लागतो.

उष्णता, आम्लता, प्रकाश, चुंबक, साखर अशा कशालाही दाद देणारी जेल तो बनवतो. स्वतः मात्र कशालाच दाद देत नाही. दहा महिन्यांचं डिपॉझिट अडवून बसलेल्या घरमालकाला 'हूं'. गाइडच्या तिसऱ्या ईमेलला 'हूं'. "मुलगी पुण्याचीच आहे, फोटो तरी बघ," म्हणणाऱ्या आईलाही 'हूं'. याचा ३२ अंश नेमका कुठे आहे, हे कोणालाच कळत नव्हतं.

तो सापडला त्याच आरतीनंतर. जेवणाआधी काकूंनी पित्ताची गोळी काढली आणि सुरीने तिचे दोन तुकडे करायला घेतले. "अख्खी झेपत नाही मला."

जेलवाल्याच्या हातातला मोदक खाली पडला. "काकू, थांबा! पँटोप्राझोल आहे ते! आम्लात नासतं. म्हणून तर त्याला पॉलिमरचं कवच असतं. पोटात टिकतं, आतड्यात विरघळतं. तुम्ही कवचच फोडताय!" सगळं मंडळ चिडीचूप. इतकी वर्षं 'हूं' करणारा माणूस एका गोळीसाठी पेटून उठला होता.

त्याचं स्वतःचं जेल औषधाच्या दुकानात पोचेल तेव्हा पोचेल. त्याच जातीचं वडीलधारं पॉलिमर मात्र कित्येक दशकं आपल्या घरातल्या गोळ्यांवर मुकाट्याने काम करतं आहे. तेव्हा वाचकहो, स्ट्रिपवर 'गॅस्ट्रो-रेझिस्टंट' किंवा 'एंटेरिक कोटेड' असं छापलेलं असेल, तर ती गोळी फोडू नका, चावू नका, अख्खी गिळा. डोस जड वाटला तर डॉक्टरांना विचारा. जेलवाल्याला विचारायचं असेल, तर आधी जेवून घ्या.