बोर्डावर काही ठेवू नये

चहा घ्या. कप मात्र हातातच असू द्या, नाहीतर खिडकीच्या कट्ट्यावर ठेवा. समोर ती चौकोनी जागा दिसते आहे ना, तिथं नको. आल्याआल्या पाहुण्याला असं बजावणं मला आवडत नाही. पण ही कैफियत शेवटपर्यंत ऐकलीत तर तुम्हाला पटेल. तुमच्याही घरी एखादी सपाट वस्तू असणारच, आणि तिचंही हेच झालं असणार.

हा कॅरम बोर्ड माझ्या मामाचा. मामा गिरणीत साचेवाला होता. १९८१च्या दिवाळीत बोनस हातात पडला तेव्हा करी रोडच्या चाळीत, त्याच्या मजल्यावरच्या चौघांनी वर्गणी काढून हा घेतला. पुढं तीन महिने व्हायच्या आत, १८ जानेवारी १९८२ला, गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षी माणसांच्या हाताला काम नव्हतं आणि बोर्ड तिन्ही पाळ्या चालू होता. मामाच्या उजव्या तर्जनीचं नख आजही जरा चपटं आहे. ते त्या वर्षाचं.

दीड वर्षापूर्वी चाळ पुनर्विकासाला गेली. खोल्या रिकाम्या करताना बोर्ड जिन्याखाली निघाला. त्याच्यावर रंगाचे दोन डबे, एक फुटका माठ आणि मखराचं थर्माकोल होतं. मामा म्हणाला, "न्यायचा तर ने, भंगारवाला येतोच आहे." मी नेला.

चौकटीसकट बोर्ड जवळजवळ तीन फूट चौरस भरतो. करी रोडहून ठाण्यापर्यंत मी तो मालडब्यात उभा धरून आणला. ठाण्याला नऊ नंबरच्या फलाटावर येऊन ट्रान्स हार्बरची गाडी पकडली. आमचं दिघा गाव स्टेशन २०२४च्या जानेवारीत सुरू झालं, त्यामुळे आता एकाच स्टेशनाचं काम. आधी असतं तर ऐरोलीला उतरून मागं यावं लागलं असतं. त्या एका स्टेशनापुरता, हाताला रग लागली म्हणून, मी बोर्ड दोन मिनिटं आडवा केला. शेजारच्या गृहस्थांनी त्यावर ओल्या कोथिंबिरीचं गाठोडं ठेवलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "मोकळंच तर होतं."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी पुढच्या दीड वर्षात ते इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की माझ्या प्रकरणातला मुख्य पुरावा तोच आहे.

आता बोर्डाची तपासणी. गवंड्याची अॅल्युमिनियमची पट्टी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लावली, तर मध्यावर तिच्याखालून पोस्टकार्ड आरपार जात होतं. म्हणजे बोर्ड बशीसारखा झाला होता. लोकांना वाटतं एवढ्यानं काय बिघडतं. जोरात मारलेली सोंगटी सरळ जाते, हे खरं. पण कॅरम हा हलक्या हाताचा खेळ आहे. अलगद सोडलेली सोंगटी शेवटच्या चार बोटांत वळते आणि भोकाच्या तोंडाशी येऊन मध्याकडे तोंड फिरवते. नेम तुमचा बरोबर असतो आणि दोष तुमच्या माथी येतो. क्वीन घेतली आणि कव्हर हुकलं की ती परत मध्यावर जाते, आणि तिचे तीन गुण त्या पोस्टकार्डाच्या जाडीनं गेलेले असतात.

बोर्ड असा का वाकतो, तेही ऐका. खेळायच्या बाजूला पॉलिश असतं आणि पाठ कोरी असते. पावसाळ्यात पाठ ओल पिते आणि फुगते, वरची बाजू फुगत नाही. मग पाठ पसरते आणि मध्य खाली जातो. आमच्या दिघ्याला एका अंगाला पारसिकचा डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी, त्यामुळे हवेतच पाणी. बोर्डाला दोन्ही बाजूंनी सारखं पॉलिश हवं, ही साधी गोष्ट आहे. पण पाठ दिसत नाही म्हणून तिच्यावर कुणी खर्च करत नाही.

बाक काढायचा तर बोर्ड पालथा घालायचा, चौकटीच्या आत बसेल असा एकोणीस मिलिमीटरचा ब्लॉकबोर्ड खाली द्यायचा, उरलेल्या फटीत वर्तमानपत्रं भरायची आणि पाठीच्या मध्यावर वजन ठेवून कोरड्या हवेत सोडून द्यायचं. डिसेंबरात मी हे केलं. तीन आठवडे वजन हवं होतं. आणि मी तुम्हाला शपथेवर सांगतो, त्या तीन आठवड्यांत घरातल्या एकाही माणसानं त्यावर काही ठेवलं नाही. तांदळाचा डबा ठेवा म्हटलं, तर पालथा बोर्ड बरा दिसत नाही म्हणाले. शेवटी बांधकामावरून सहा विटा मागून आणल्या, साडीच्या तुकड्यात गुंडाळल्या आणि तिसऱ्या मजल्यापर्यंत वाहिल्या. आमच्या इमारतीला लिफ्ट नाही.

बाक निघाला. पाठीला सागाच्या दोन आडव्या पट्ट्या स्क्रूनं घट्ट केल्या आणि बोर्ड सुलटा केला. त्याच संध्याकाळी त्यावर इस्त्री, दोन पिशव्या किराणा आणि मुलीचं दप्तर होतं.

मग घासकाम. सुताराला विचारलं तर तो म्हणाला, नवीन घ्या, परवडेल. दुसरा म्हणाला, मशीन लावतो, दहा मिनिटांत होईल. बोर्डाच्या वरचा थर कागदापेक्षा थोडाच जाड असतो. मशीन एका जागी जरा जास्त थांबलं की खालच्या थराचा काळपट डाग वर येतो, आणि तो आयुष्यभर जात नाही. म्हणून मी हातानं घासलं. लाकडाच्या सरळ ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून, रेषांच्या दिशेनं, आधी १८० नंबर, मग २४०, मग ३२०. रोज रात्री जेवणानंतर पाऊण तास. सतरा रात्री. बोटांचा घाम, तेल आणि चाळीस वर्षांची पावडर मिळून जो करडा थर झाला होता, तो निघून खालचं फिकट, मधाच्या रंगाचं लाकूड दिसलं तेव्हा मी सगळ्यांना झोपेतून उठवून दाखवलं. एवढं सुंदर काही आमच्या हॉलमध्ये तोवर नव्हतं.

अठराव्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी मेन्टेनन्स घ्यायला आले. पावती पुस्तक टेकवायला त्यांना जागा हवी होती. बॉलपेन दाबून लिहायची त्यांना सवय आहे, कार्बनच्या दोन प्रती काढायच्या असतात. ते गेल्यावर मी खिडकीचा उजेड तिरपा पडू दिला, तर माझ्या घासलेल्या लाकडात ३,२५० हा आकडा स्पष्ट उमटला होता. खाली त्यांची सही. तेवढ्या जागेवर गरम पाण्याचा बोळा आणि वरून इस्त्री फिरवून दाबलेलं लाकूड वर काढावं लागलं. आकडा गेला. सहीतला एक वेलांटीचा भाग अजून आहे, संध्याकाळी पाचला दिसतो.

आईनं पापड केले. बाल्कनीत कबुतरं, म्हणून पंख्याखाली वाळवायचं ठरलं. पापड पडणार म्हणून तिनं बोर्ड आधी ओल्या फडक्यानं स्वच्छ पुसून घेतला. ओल्या फडक्यानं. घासलेलं उघडं लाकूड. पाणी लागताच त्याचे तंतू उभे राहिले आणि मला ३२० नंबरवर परत जावं लागलं. आईला मी काही बोललो नाही. आई म्हणाली, "अरे, मोकळंच होतं, आणि पुसलंही मी."

बिलियर्ड्सचं टेबल पाहिलं आहे तुम्ही? कॅरम हे नाव त्या खेळातल्या ‘कॅरम्बोल’शी जोडतात, म्हणजे घराण्यातलंच नातं. त्याचं मोठं टेबल बारा फूट बाय सहा, कापडाखाली पाटीच्या दगडाचे पाच तुकडे, एकमेकांना असे जुळवलेले की नखाला सांधा लागत नाही. वर लोकरीचं कापड, ते ठराविक दिशेनं ब्रशनं झाडतात आणि इस्त्री करतात. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स अशाच टेबलावर १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले. त्या टेबलावर कुणी पापड वाळत घातल्याचं मी ऐकलेलं नाही. दगड ओल पीत नाही, तरी त्याला एवढी निगा. आमचा लाकडाचा, ओल पिणारा, तरी त्याच्यावर मेथी निवडतात. कॅरममध्येही जगज्जेते झाले आहेत. आपले प्रशांत मोरे २०१६ साली झाले. त्यांचा बोर्डही चौकटीच्या आत चौऱ्याहत्तर सेंटिमीटरचाच असतो.

मापांचं म्हणाल तर त्यात तडजोड चालत नाही. सोंगटी जास्तीत जास्त ३.१८ सेंटिमीटर, मधलं वर्तुळही तेवढंच, त्याच्या बाहेरचं सतरा. भोक ४.४५, स्ट्रायकर ४.१३. म्हणजे स्ट्रायकर भोकात पडायला तीन मिलिमीटरची मोकळीक. सीलरचा हात दिल्यावर मी टेपच्या पट्ट्या लावून बेसलाइन आखल्या, प्रत्येकी सत्तेचाळीस सेंटिमीटर. वर्तुळांसाठी शाळेच्या कंपासपेटीतला कंपास थेट लाकडावर टेकवला नाही, कारण त्याचं टोक लाकडात खड्डा पाडतं. मध्यावर आधी प्लास्टिकचा तुकडा चिकटवला आणि टोक त्यावर टेकवलं. ही काळजी घेत असताना मागून विचारणा झाली की त्या कोपऱ्यात मोबाइल चार्जिंगला ठेवला तर चालेल का.

पावडरचं वेगळं दुःख आहे. कॅरमला बोरिक पावडर लागते. टाल्कमचा गंध सोंगट्यांना लागतो. मी औषधाच्या दुकानातून चांगली बारीक बोरिक आणली. चारच दिवसांत डबा अर्धा झाला. घरी कळलं की कणकेत साखर आणि बोरिक कालवून झुरळांसाठी गोळ्या केल्या आहेत. झुरळं गेली, हे मी मान्य करतो. पण मजल्यावरच्या तीन घरांनी माझ्या डब्यातून पावडर नेली, आणि त्यांच्यापैकी कुणालाही कॅरम येत नाही.

पाठीचं पॉलिश मी शेवटी घेतलं. पाठीवर जुनी वर्तमानपत्रं खळीनं चिकटवलेली होती. बहुधा ओल लागू नये म्हणून कुणीतरी चाळीतच चिकटवली असणार. ती भिजवून, उलथन्यानं हळूहळू सोडवत होतो. कागद निघता निघता खाली लाल ऑइलपेंटची अक्षरं दिसायला लागली. हाताची, थोडी वाकडी, पण दमदार. पूर्ण कागद निघाल्यावर वाचलं: "बोर्डावर काही ठेवू नये. हुकूमावरून."

मी मामाला फोन केला. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "संपात लिहिलं होतं. खेळताना कोण ठेवतंय? पण रात्री बोर्ड गॅलरीत आडवा राहिला की सकाळी त्याच्यावर कुणाची बादली, कुणाचे कोळसे. म्हणून भिंतीला उभा लावायचो, पाठ बाहेर करून. येणाऱ्याजाणाऱ्यानं वाचावं." मग हळू आवाजात विचारलं, "अक्षर राहिलंय का अजून?"

राहिलंय. मी त्यावर पारदर्शक लॅकरचे तीन हात दिले. पावसाळी हवेत लॅकर पांढरं धुकं धरतं, म्हणून तिन्ही हात मार्चच्या दुपारी दिले, आणि दर हाताला दार आतून लावून घेतलं.

पुढच्या बाजूलाही तेवढेच हात दिले. आता स्ट्रायकर समोरच्या चौकटीवर आपटून परत येतो आणि पुन्हा जातो, आणि सोंगटी जिथं पाठवावी तिथं जाते. बोर्ड तयार झाला आहे.

रोजचा धोका टाळावा म्हणून मी सहा मिलिमीटरच्या प्लायचं झाकण करून घेतलं. चारी बाजूंनी नीट बसणारं, गुण्या लावून कापलेलं, कडा गोल केलेल्या. आणि इथं माझी चूक झाली, असं सगळे म्हणतात. मला ती चूक वाटत नाही. बोर्डाला झाकण असावं. पण झाकण आल्यापासून कुणी "मोकळंच होतं" असंही म्हणत नाही. "झाकण आहे की" म्हणतात. रविवारी चारला मामा खेळायला येतो, तर मी तीनपासून उचलायला लागतो: मिक्सरचं भांडं, गॅसचं पुस्तक, मंडळाच्या वर्गणीची पावती पुस्तकं, वाळलेल्या कपड्यांची चळत, अर्धा सोललेला लसूण.

मागच्या आठवड्यात मी लाल ऑइलपेंट आणला आणि झाकणावर, मधोमध, मामाच्या अक्षराबरहुकूम तीच ओळ लिहिली. खाली ‘हुकूमावरून’ही लिहिलं. तुम्हाला दाखवली असती. पण ती बघायची तर आधी वरचे डबे उचलावे लागतील, आणि लसूण एका बाजूला करावा लागेल. तुम्ही तेवढी ती ताटं धरा.