सुरमई नाचते, धोटा बसून

गॅदरिंगचा हंगाम सुरू झाला की छत्रपती संभाजीनगरच्या औरंगपुऱ्याला भरती येते. भाड्याने ड्रेस देणाऱ्याकडे लाल टोप्या, चौकड्याचे रुमाल, प्लायवूडची वल्ही आणि थर्माकोलची सुरमई आधीच बुक झालेली असते. समुद्र इथून देवगिरी एक्स्प्रेसने रात्रभर लांब. तरी बालवाडीपासून बी.कॉम.पर्यंत प्रत्येक ग्रुपला होडी हाकायचीच असते. नळाला पाणी कधी येणार यावर जिथे घराघरांत पैजा लागतात, तिथली पोरं स्टेजवर सपासप वल्हवतात. हौसेला मोल नाही, आणि पाणीपट्टीही नाही.

मिल कामगाराचा ड्रेस मागून बघा. "शेतकरी देतो ना भाऊ, फक्त फेटा काढा," असं उत्तर मिळेल.

कोळीनृत्याशी आपलं भांडण नाही. ते तर अस्सल धंद्याचं नृत्य. जाळं फेकणं, ओढणं, वल्हं मारणं, सगळं रोजचं काम तालावर चढवलेलं. मग आपल्या गावच्या कामाने काय घोडं मारलंय? औरंगपुऱ्यापासून हाकेच्या अंतरावर मिल कॉर्नर आहे. १८८९ साली या शहरात कापसाची सूत-कापड गिरणी उभी राहिली, सातशे माणसं कामाला. १९०० मध्ये हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे आली आणि मागोमाग जिनिंगचे कारखाने. आज मिल कॉर्नर म्हटलं की लोकांना पोलीस आयुक्तालय आठवतं. भोंगा वाजला तर तो व्हीआयपीच्या ताफ्याचा.

आणि इथलं हिमरूचं विणकाम? जुन्या मागावर दोन माणसं लागायची. खाली विणकर, पाय पावड्यांवर, हातात धोटा. वर बसलेला दुसरा नक्षीच्या दोऱ्या उचलणार. त्याने दोरी ओढली की धोटा इकडून तिकडे, फणीचा ठोका, पुन्हा दोरी. वरचा चुकला की खालच्याची वेल वाकडी. कोरिओग्राफरला आणखी काय हवं? दोन मजली स्टेज तयार, ठेका तयार, रुसवे-फुगवेसुद्धा तयार.

यात नवं खूळ काही नाही. उदय शंकर यांनी 'लेबर अँड मशिनरी' बसवलं. त्यांच्या १९४८ च्या 'कल्पना' सिनेमात माणसं यंत्रासारखी नाचतात. लँकेशायरच्या कापड गिरण्यांतल्या कामगारांनी मागाचा खडखडाट लाकडी तळाच्या बुटांत उतरवला आणि क्लॉग डान्सला रंग चढला. आमच्या मुंबईच्या गिरणगावातही कोकणातले कामगार पायात चाळ बांधून नाचायचे, पण नाचायचे ते गावाकडचं. साचा मात्र खात्यातच राहिला.

आमची अडचण वेगळी आहे. वारसा म्हणजे लेणं, दरवाजा नाहीतर मकबरा. ज्यात घाम आला तो वारसा नव्हे. महागामी गुरुकुलात पार्वती दत्ता यांनी वेरूळच्या शिल्पांचा धागा ओडिसी-कथकशी जोडला. दगड नाचू शकतो, मग जातं का नाही? पाणचक्की हे तर सरळसरळ यंत्रच. डोंगरातून नळाने आणलेलं पाणी, त्याच्या जोरावर फिरणारं जातं, त्यावर फकीर-यात्रेकरूंचं दळण. आपण तिथे हौदापाशी सेल्फी काढतो आणि पिठाची गिरणी बघितली हे घरी येईपर्यंत विसरतो.

समजा, एखाद्या ग्रुपने धाडस केलंच. परीक्षक विचारणार, "यात पारंपरिक काय आहे?" सव्वाशे वर्षांहून जुनी गिरणी पारंपरिक नाही, डीजेवर रीमिक्स केलेलं कोळीगीत मात्र आहे. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला. तेव्हा पहिल्या पाळीला गेलेल्यांची नातवंडं आता गॅदरिंगला नाचतायत. आजोबांनी आयुष्यभर एकच नट आवळला. ती हालचाल आठ मात्रांत चपखल बसते, घरच्या घरी तालीम होईल, गुरुदक्षिणा एक कटिंग.

पैसे लागतील, तेव्हा प्रायोजकासाठी त्याच वाळूजच्या एखाद्या ऑफिसात जावं लागेल. साहेब विचारतील, "नाच ठीक आहे, पण आमचा लोगो कुठे दिसणार?" चौथ्या पोराच्या पाठीवर, म्हणावं. तो सारखा वाकलेलाच असतो.