मुंगूस परदेशी जाऊन आलं

“अहो काकू, काल संध्याकाळी केवढा आरडाओरडा चालला होता तुमच्याकडे?”

“काही नाही गं. भिंतीवरून मुंगूस गेलं. शुभच की! पण आमचा न्यू जर्सीचा नातू ‘मॉंगूस, मॉंगूस’ करत नाचायला लागला. म्हटलं, अरे, मुंगूस म्हण. तर मलाच शिकवतो, ‘आजी, तुम्ही ते इंग्रजीतून उचललंत!’”

“अगंबाई! मग?”

“मग काय, ह्यांना चेव आला. कपाटावरची ऑक्सफर्डची डिक्शनरी काढून पुढ्यात आपटली. मॉंगूस मराठीतून घेतला, असं त्यांनीच छापलंय. सतराव्या शतकात गेलेलं आपलंच पोर ते!”

“आणि परत आलं ते उच्चार बदलून. तुमच्या नातवासारखंच.”

“चहाटळ! पण एकटं मुंगूसच नाही हो. शाम्पू घे. हिंदीतलं ‘चांपो’ ते, म्हणजे अंग चेपा. पाटण्याच्या शेख दीन मोहम्मदनं ब्रायटनला जाऊन साहेबांची अंगं रगडली. पुढे अंग राहिलं बाजूला आणि डोक्याला फेस आला.”

“आणि बंगला?”

“बंगाली धाटणीचं घर, म्हणून बंगला. यूल आणि बर्नेल या दोघा साहेबांनी 1886 मध्ये ‘हॉब्सन-जॉब्सन’ नावाचा जाडजूड कोश काढून असल्या सगळ्यांच्या कुंडल्या मांडल्यात. ते नावसुद्धा मूळचं मोहरममधलं ‘या हसन, या हुसेन’. गोऱ्या शिपायांच्या कानांनी त्याचं हे केलं!”

“बघा, म्हणजे आपलंच सगळं.”

“तर! बरं, उद्या आम्ही कोथरूडला लेकीकडे जातोय. चावी ठेवशील?”

“चावी? काकू, ती पोर्तुगीज! सदाशिव पेठेत किल्ली म्हणतात.”

“मुंबईच्या सुनेमुळे जिभेला सवय लागली गं.”

“आणि पगारही त्यांचाच बरं का.”

“म्हणजे आमच्या ह्यांनी चाळीस वर्षं पोर्तुगीज पगार खाल्ला? सांगतेच आता त्यांना! चल, गॅसवर भाजी आहे. एकादशी ना आज.”

“कसली केलीत?”

“बटाट्याची. उपासाला दुसरं काय!”

बटाटाही त्याच गलबतातून उतरलाय, हे अगदी ओठांवर आलं होतं. गिळलं. एकादशीच्या दिवशी कशाला कुणाचा उपास मोडा!