लिहून बघणारा

मॉनिटरवरचे सगळे दिवे हिरवे झाले की ऑफिस चहाला जातं. क्लस्टर सांभाळणारा गृहस्थ मात्र तेव्हाच अस्वस्थ होतो. भर मे महिन्यात अंगात स्वेटर, हातात थर्मास आणि चेहऱ्यावर संशय घेऊन सर्व्हर रूममधून बाहेर पडणारा माणूस दिसला, की समजावं, हाच तो.

नवा मुलगा हौसेने सांगायला येतो, "सर, क्लस्टर चालवणाऱ्या पेसमेकरमध्ये फाइल सिस्टिमचा मॉनिटर लावला. दर 20 सेकंदांनी तपासणी, 40 सेकंदांची मुदत."

"तपासतो काय?"

"माउंट आहे की नाही."

"आणि माउंट आहे म्हणजे चालते, हे कोणी सांगितलं तुला?"

माणूस तिरसट खरा, पण मुद्दा बिनतोड. तशी सेटिंग असेल, तर चूक सापडताच ईएक्सटी4 ही फाइल सिस्टिम मुकाट्याने केवळ वाचण्यापुरती उरते. माउंटच्या यादीत नाव शाबूत, आणि तिकडे डेटाबेस लिहिता येईना म्हणून ऊर बडवतोय! म्हणून हा तपासणीची पातळी 20 वर नेतो: दर खेपेला छोटी फाइल लिहायची आणि वाचून बघायची. पातळी 10 मध्ये डिस्कवरून नुसतं वाचतात. ते याच्या लेखी तोंडदेखलं.

डिस्कवर निम्मी जागा मोकळी असूनही 'जागा नाही' असा एरर आला, की हा खुलतो. बारक्या फायलींनी आयनोड, म्हणजे फायलींच्या नोंदींच्या जागा, संपवलेले असतात. ते दाखवताना त्याच्या चेहऱ्यावर जे तेज येतं, ते पगारवाढीच्या दिवशीही येत नाही. (पगारवाढ तशी क्वचितच येते.)

सवय घरीही सुटत नाही. वॉचमन म्हणाला, "साहेब, टाकी भरली," की हा गच्चीवर. आईने फोन उचलला नाही, तर 40 सेकंदांत शेजारच्या काकू दारात.

"अहो, देवाला तरी नुसता नमस्कार करा," बायको म्हणते, "प्रसादाचं फूल पडतंय का, बघत बसू नका."

एरवी नुसताच तिरसट असलेला हा माणूस फेन्सिंगचा विषय निघाला की निर्दय होतो. क्लस्टरमधला एक सर्व्हर, म्हणजे नोड, बोलेनासा झाला, की आधी त्याची वीज तोडायची, चौकशी मागाहून. दोन नोडनी एकाच वेळी त्याच ईएक्सटी4 वर लिहिलं, तर डेटाचा चिवडा ठरलेला. मॅनेजर विचारतो, "अहो, पण तो नोड जिवंत असला तर?"

"असेल ना. म्हणूनच तर तोडायची."

गेल्या गणपतीत हा गावी असताना एक नोड बसला. लॉगची डिस्क काठोकाठ भरलेली. उघडून पाहिलं, तर ओळींमागून ओळी त्याच्याच तपासणीच्या: सर्व ठीक, सर्व ठीक, सर्व ठीक. भीतभीत फोन केला.

"बघा," पलीकडून समाधानाचा आवाज आला, "तपासणी एकदाही चुकलेली नाही."