पाच तारे, लाइन गेल्यावर

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २००९ पासून इमारतींना तारे द्यायला घेतले. हिशेब सोपा: वर्षभराची युनिटं भागिले चौरस मीटर, भागाकार जितका लहान, तितके तारे जास्त. या न्यायाने तिवशातली सरकारी कचेरी मे महिन्यात पाचतारांकितच म्हणायची. दुपारी लाइन गेली की पंखा बंद, कूलर बंद, साहेबही बंद. जनरेटरची वीजसुद्धा मोजतात म्हणा, पण त्यासाठी आधी डिझेलचं बिल मंजूर व्हायला हवं! अडचण वेगळीच आहे. अर्ज करायला जोडभार किमान १०० किलोवॉट लागतो. म्हणजे काटकसरीचं प्रमाणपत्र हवं, तर आधी खर्चाची ऐपत दाखवा. काचेच्या इमारतीत एसी कोंबणाऱ्यांना ते सहज जमतं. कूलरवाल्यांना रांगेतही घेत नाहीत.