भिंतीवरचे फार्मासिस्ट

भाऊसाहेब फार्मासिस्ट आहेत, हे त्यांच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नाही. गावाला ते माहीत आहेत प्लॉट दाखवणारे आणि विम्याचे हप्ते गोळा करणारे म्हणून. डी.फार्म. करून फार्मसी कौन्सिलात नाव चढलं, त्यानंतर त्यांनी एक गोळी विकलेली नाही. कमावतं ते सर्टिफिकेट. लांबच्या तालुक्यात एका मेडिकलच्या भिंतीवर, गणपतीशेजारी, ते फ्रेममध्ये बसलंय आणि दर पाच तारखेला घरी पैसे धाडतंय. पोटचा पोरगाही इतका नेमाने धाडत नाही.

याला भाडं म्हटलेलं भाऊसाहेबांना खपत नाही. ‘मानधन’ म्हणायचं. महिन्यातून एकदा ते सह्या करायला जातात. शेड्यूल एच-वनचं रजिस्टर पुढे येतं. चार सह्या निळ्या पेनाने, पाच काळ्या, मग एक जरा घाईतली, म्हणजे त्या दिवशी गिऱ्हाइकांची गर्दी होती असं दिसावं. औषधं देतो तो बारावी नापास गण्या. डॉक्टरांचं अक्षर त्यालाच जास्त कळतं, हे भाऊसाहेब मोठ्या मनाने कबूल करतात.

औषध निरीक्षक आले की गण्याचं उत्तर ठरलेलं: ‘साहेब आत्ताच जेवायला गेले.’ सकाळचे साडेदहा वाजले असले तरी. 2012च्या सुमारास महेश झगडे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त होते आणि ‘फार्मासिस्ट दाखवा’ म्हणून दुकानं तपासली जात होती, तेव्हा भाऊसाहेबांना काही दिवस खरोखरच काउंटरमागे उभं राहावं लागलं. त्या दिवसांना ते आणीबाणी म्हणतात. पुढे 2015च्या नियमांत पांढरा कोट आणि नावाचा बिल्ला आला. त्यांनी कोट शिवला, तो दुकानातच खुंटीला अडकवला. भिंतीवर सर्टिफिकेट, खुंटीवर कोट. माणूस तेवढा बाकी.

कायदा त्यांना पाठ आहे. 1948चा फार्मसी कायदा, कलम 42: नोंदणी नसलेल्याने चिठ्ठीवरचं औषध दिलं तर, मूळ तरतुदीप्रमाणे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यातल्या पहिल्या ‘किंवा’वर भाऊसाहेबांचा फार जीव. कौन्सिल रजिस्टरातून नावच काढून टाकू शकतं, हे कलम मात्र ते चष्मा काढून वाचतात.

घात केला मालकाने. त्याने फर्म मेव्हण्याच्या हवाली केली: फ्रिजसकट, गण्यासकट, भिंतीवरच्या भाऊसाहेबांसकट. फर्मची घटना बदलली की जुनं लायसन्स फार तर तीन महिने चालतं, मग नवं काढावं लागतं, हे मेव्हण्याच्या गावी नव्हतं. निरीक्षक आले. गण्या म्हणाला, जेवायला गेलेत. निरीक्षकांनी स्टूल ओढलं. ‘येऊ द्या, थांबतो.’ साडेचार वाजेपर्यंत थांबले.

दुकानाचं लायसन्स निलंबित झालं, भाऊसाहेबांना कौन्सिलची नोटीस आली. ती घेऊन ते वकिलाकडे गेले. वकिलाने सगळं वाचलं, नाव कमी होऊ शकतं म्हणाला. भाऊसाहेबांनी मान डोलावली.

‘ते बघू हो. मेव्हण्याने दोन महिन्यांचं मानधन थकवलंय, ते याच कायद्यात वसूल होतं का?’