घरच्या घरी फरारी

पळून जाण्याच्या कामी मराठी माणूस कृतीने कितीही मंद असला, तरी भाषेने विलक्षण चपळ आहे. तो पोबारा करतो, धूम ठोकतो, सुंबाल्या करतो, ढुंगणाला पाय लावून पळतो, वेळ पडल्यास एखाद्याच्या हातावर तुरीही देतो, आणि हे सारे पराक्रम बहुधा ओसरीवर बसून, सुपारी कातरीत, दुसऱ्या कोणाविषयी तरी बोलताना करतो. फारसी अंमलाने जाता जाता फरारी आणि परागंदा असे दोन भारदस्त शब्द त्याला इनाम देऊन ठेवले आहेत. शिवाय पळणारा आपला असला, की शब्दही अदबीने उठून उभे राहतात. १७ ऑगस्ट १६६६ रोजी आग्र्यास जे घडले, त्याला औरंगजेबाच्या दरबारी काय म्हणत असतील ते असो, आमच्या लेखी ती ‘सुटका’. आणि १९४२ च्या धामधुमीत अच्युतराव पटवर्धन जे दिसेनासे झाले, ते इंग्रज पोलिसांच्या दप्तरी फरारी असले तरी आमच्या लेखी ‘भूमिगत’.

इतके भांडवल घरात असताना ‘ॲब्स्कॉण्ड’ या परदेशी पाहुण्याचे येथे काही काम नव्हते. परंतु पोलिसचौकीपासून कचेरीपर्यंत तो असा काही ठाण मांडून बसला आहे, की हवालदारही ‘आरोपी ॲब्स्कॉण्ड आहे, साहेब’ असे म्हटल्याखेरीज टोपी काढीत नाही. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अर्थातच रात्रीची वेळ, सुटलेली आगगाडी आणि डब्याच्या दांडीला लोंबकळणारा इसम उभा राहतो. गंमत अशी, की शब्दाच्या लॅटिन मुळाशी धावणे मुळीच नाही. तेथे आहे ते केवळ दडणे. मद्रासच्या उच्च न्यायालयाने एकोणिसाव्या शतकातच असा निर्वाळा देऊन ठेवला आहे, की फरारी होण्यासाठी माणसाने मुक्काम हलविलाच पाहिजे असे नाही. तो आहे त्याच ठिकाणी लपून राहिला तरी पुरे. म्हणजे तिकीट नको, वळकटी नको, रस्त्यात कुत्री मागे लागण्याचे भय नको. घरच्या माळ्यावर, पापडांच्या डब्यामागे, लोडाला टेकूनही हा गुन्हेगारी लौकिक संपादन करता येतो.

हे ध्यानी घेतले म्हणजे फौजदारी कायद्यातील एक चमत्कारिक विधी सहज उलगडतो. वॉरंट बजावता येत नाही असा इसम फरारी असल्याची कोर्टाची खातरजमा झाली, की कोर्ट जाहीरनामा काढते. तो त्या इसमाच्या गावी दर्शनी जागी मोठ्याने वाचावयाचा, त्याच्या राहत्या घराच्या दर्शनी भागी डकवावयाचा, एक नक्कल कोर्टाच्या इमारतीवर लावावयाची, आणि हजर होण्यास निदान ३० दिवसांची मुदत द्यावयाची. १८९८ च्या संहितेत हे कलम ८७ होते, १९७३ च्या संहितेत ८२ झाले, २०२३ च्या नव्या संहितेत ८४ झाले. कलमाचा आकडाच तेवढा पळत राहिला, ते ३० दिवस मात्र जागचे हलले नाहीत. जो गावात नाही त्याला गावात ओरडून बोलावणे हा वरवर पाहता सरकारी बावळटपणा वाटेल. पण सरकारला पक्के ठाऊक असावे, की इसम दाराच्या आतच आहे आणि फटीला कान लावून स्वतःच्या नावाचा उच्चार बरोबर होतो की नाही तेवढे पाहत आहे. खरोखर देश सोडून पळणाऱ्यांसाठी २०१८ साली निराळा कायदा झाला, आणि त्यात गुन्ह्याची किंमत १०० कोटी रुपये वा अधिक असावी अशी अट आहे. या क्षेत्रातही मध्यमवर्गाला कोणी विचारीत नाही.

मध्यमवर्गाने आपले माळ्यावरचे धोरणच पुढे चालविले आहे. गणेशोत्सवाच्या वर्गणीचे पुस्तक जिन्यात वाजू लागले, की आमच्या इमारतीतील एक सद्गृहस्थ, ज्यांनी हयातभर महसूल खात्यात अव्वल कारकुनी करून इतरांना हजर राहण्याच्या नोटिसा बजावल्या, ते प्रथम उंबऱ्याबाहेरच्या चपला आत घेतात, नंतर पंखा बंद करतात, मग दूरदर्शन संचाचा आवाज नव्हे तर चित्रही मालवितात, आणि घामाघूम अवस्थेत दाराच्या मागे समाधी लावतात. हा व्यूह कोणीही भेदू शकला नसता. परंतु स्वयंपाकघरातील कुकरला फरारीच्या कायद्याचे ज्ञान नसल्यामुळे त्याने ऐन वेळी तीन शिट्ट्या दिल्या. मंडळाचा कार्यकर्ता शांतपणे बाहेरूनच म्हणाला, “काका, गॅस बंद करा, आम्ही थांबतो.”

अलीकडे नोकरीच्या जगात मात्र या शब्दाची खिरापत वाटणे चालू आहे. माझा पुतण्या हिंजवडीच्या एका कंपनीत कामाला होता. वरिष्ठाशी खटका उडताच नोटिशीची मुदत न भरता तो घरी आला आणि पोहे खाऊन झोपला. पुढच्याच आठवड्यात त्याच्या नावे पत्र आले, की आपण ‘ॲब्स्कॉण्डिंग’ असून आपला ठावठिकाणा लागत नाही. ठावठिकाणा पाकिटावर पिनकोडासह बिनचूक छापला होता. पत्र आणणाऱ्या मुलाने ते फरारी इसमाच्याच हाती दिले, त्याची सही घेतली, आणि तो त्याच्याजवळच पाणी मागून प्याला. काही वेळाने कंपनीतून दूरध्वनी आला, तो पुतण्याने खुणा करीत माझ्या हाती दिला. “तो घरी नाही,” असे मी पुरेशा गांभीर्याने सांगितले, आणि जी गोष्ट तोवर केवळ आरोपाच्या स्वरूपात होती तिला वडीलधाऱ्यांचे अधिष्ठान मिळाले. पलीकडच्या बाईंना त्याच्या असण्यानसण्याचे सोयरसुतक नव्हते; कंपनीचा लॅपटॉप परत हवा होता.

फरारीच्या जाहीरनाम्यामागोमाग कायद्यात मालमत्तेची जप्ती येते, हे मी कुटुंबाच्या माहितीसाठी सविस्तर समजावून सांगू लागलो. वहिनींनी निम्म्यातच पदर खोचला. “भावोजी,” त्या म्हणाल्या, “कायदा नंतर सांगा. आधी ते यंत्र पोचतं करा, नाहीतर उद्या येऊन माझा मिक्सर उचलून नेतील.”